फिलोमेनचे आभाळ

"थांब, हात लावू नकोस. ओलं आहे अजून," फिलोमेन म्हणाली, आणि योलांदने पुढे केलेला हात तसाच मागे घेतला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाड कागद पसरला होता. त्यावर मुलांच्या चित्रकथेच्या, फिकट निळ्या रेषांत छापलेल्या चौकटी होत्या: कप्तान फ्लोरिमोंची मालवाहू होडी, म्हणजे त्याचा पडाव, पडावावर बांधलेली त्याची बकरी, काठावरची उंच झाडे. त्याच चित्रांच्या काळ्या रेषा एका पारदर्शक फिल्मवर वेगळ्या छापून यायच्या. ती फिल्म बशीखाली दाबून ठेवली होती. रंग भरून झाला की ती वर घालायची, म्हणजे चित्र पुरे व्हायचे. फिलोमेनने रुंद ब्रश पाण्यात बुडवला, झटकला आणि वरच्या चौकटीवरून एकच हात फिरवला. आधी करडा, मग करड्यात विरघळत गेलेला पिवळा. पडावाच्या छपराशी येईपर्यंत तो पिवळा कुठे संपला हे सांगता येऊ नये. नदीवरची पहाट झाली होती.

"बकरी पांढरीच ठेवू, की जराशी पिवळट करू?" योलांदने विचारले.

"बकरी तुझी. मला काय विचारतेस?"

अशी त्यांची वाटणी होती. माणसे, कपडे, बकरी, दोरखंड, भाज्यांच्या टोपल्या हे सगळे योलांदकडे. आभाळ, पाणी, धूर आणि धुके फिलोमेनकडे. कप्तान फ्लोरिमों सारा जन्म नद्या-कालव्यांतून फिरणारा माणूस, त्यामुळे कागदाचा मोठा भाग फिलोमेनच्याच वाट्याला यायचा. पण तसे कुणी कधी बोलून दाखवले नव्हते. "माझी नणंद मला मदत करते," असे योलांद शेजारणींना सांगायची, आणि तेव्हा फिलोमेन जवळ असली तर तीही मान हलवायची.

फिलोमेन ही योलांदच्या नवऱ्याची, आर्मांची, थोरली बहीण. लहानपणच्या एका तापाने तिचा डावा पाय वाळला होता. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात थाळ्यांच्या काठावर फुले रंगवण्यात तिची उमेदीची वर्षे गेली. पुढे तिथे फुलांचे छाप आले, तेव्हा ती घरी बसली. मार्शिएनमधले हे अरुंद घर तिच्या वडिलांचे, म्हणजे खरे पाहता योलांदपेक्षा तिचेच. आर्मां छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, त्या हिवाळ्यात योलांद सारखी त्याच्या उशाशी असायची आणि ब्रसेल्सला पोचवायचे कागद तसेच पडून राहायचे. एक दिवस काही न विचारता फिलोमेन टेबलाशी बसली आणि तिने राहिलेली सगळी आभाळे भरून टाकली.

ते कागद योलांद घेऊन गेली, तेव्हा चित्रकार देलव्हीन ते खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले होते.

"मादाम योलांद, हे काय केलंत तुम्ही? इतकी वर्षं मी नदी काढतोय, ती आज ओली झाली."

योलांदला त्या दिवशी झोप नव्हती, खाणे नव्हते, आणि घरी नवरा शेवटच्या घटका मोजत होता. "आभारी आहे, मस्यू," एवढेच ती म्हणाली. नंतर सांगू, असे तिला वाटले. नंतर आर्मां गेला. नंतर पुढचे पुस्तक आले. मग ती गोष्ट इतकी जुनी झाली की ती आता सांगायची तर इतके दिवस का सांगितली नाही, हेही सांगावे लागले असते.

बकरीला रंग देऊन होतो न होतो तोच शेजारच्या जिनेतने वर्तमानपत्र आणून दिले. "तुमच्या त्या साहेबांचं आलंय बघा," म्हणाली. आतल्या पानावर देलव्हीन यांचा फोटो होता, तोंडात पाइप. योलांदने मोठ्याने वाचायला घेतले. रेषेबद्दल दोन वाक्ये होती. बाकी सगळा लेख आभाळाबद्दल. देलव्हीन यांनी आपल्या देशाचा पावसाळी उजेड मुलांच्या पुस्तकात आणला. त्यांच्या धुक्यात शिरताना अंगावर शाल घ्यावीशी वाटते. असा रंग लावणारा हात शतकात एखादाच.

"हात!" योलांदने वर्तमानपत्र टेबलावर आपटले. "त्या माणसाला हिरवा कशाने होतो ते तरी माहीत आहे का? आणि हा लेख लिहिणारा म्हणतो हात!"

फिलोमेन ब्रश धूत होती. तिने वळून पाहिले नाही.

"पुस्तकात नाव कुठंय तुझं?"

"आजवर कधी होतं?"

"मग बोल की त्याला. देवानं तोंड दिलंय ना? इथं माझ्यापुढं पेपर आपटून काय उपयोग?" ब्रश फडक्याला पुसून ती म्हणाली, "नावं छापायला अशी किती शाई जाते?"

योलांदला ते पटले. पुढचे काही दिवस ती मनातल्या मनात बोलण्याची तयारी करत होती. भांडी घासताना, बटाटे सोलताना तिचे ओठ हलायचे. फिलोमेन ते बघायची आणि मधूनच म्हणायची, "एवढं गोड नको बोलूस. त्याला वाटेल, कॉफी मागायला आलीस."

*

देलव्हीन यांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या त्या उजेडाच्या खोलीत, योलांदने कागदांचे पुठ्ठे टेबलावर ठेवले. नेहमीसारखी ती कोट काढून बसली नाही. पाठ केलेले सगळे ती विसरली होती.

"मस्यू, लेख वाचला मी."

"अरे हो, तो!" देलव्हीन हसले. "काहीतरी लिहितात झालं. हातात शब्द असले की..."

"त्यात माझं नाव नव्हतं."

पाइप तोंडाशी नेता नेता त्यांचा हात थांबला.

"लेखात कसं असणार? पुस्तकातच नाही तर लेख लिहिणाऱ्याला स्वप्न पडणार का?" योलांदचा आवाज चढला, आणि तो चढला हे ऐकून ती स्वतःच दचकली. "तुम्ही मुलाखतीत म्हणता, माझी आभाळं. माझ्या समोर म्हणता. मी इथे उभी असते, मस्यू. या खोलीत. आणि मला असं वाटतं की मी नाहीच आहे."

देलव्हीन स्वभावाने वाईट नव्हते. ते गोरेपान गृहस्थ कानांपर्यंत लाल झाले. टेबलावरच्या पेन्सिली त्यांनी उगाच एका रेषेत लावल्या.

"तुमचं खरं आहे," ते अखेर म्हणाले. "मला माहीत होतं. म्हणजे आज कळलं असं नाही, पहिल्यापासून माहीत होतं. कुणी कौतुक केलं की वाटायचं, आता सांगू. मग समोरचा पुढचं काही बोलायचा, आणि..." ते थांबले. "लाज वाटते मला, मादाम."

योलांदला वाटले होते, हे ऐकून आपल्याला बरे वाटेल. पण ते 'आता सांगू' तिच्या कानांत रुतून बसले.

देलव्हीननी घाईघाईने एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "पुस्तक छापायला जायचंय अजून. पहिल्या पानावर, माझ्या नावाखालीच घालायला सांगतो. कसं छापायचं ते तुमच्या हातानं लिहा, म्हणजे चूक होणार नाही."

योलांदने लिहिले: रंग, योलांद बोदार.

पेन्सिल तिने लगेच उचलली नाही. ओळ छोटी झाली होती आणि पुढे कागद भरपूर होता. फिलोमेनचे आडनावही बोदारच. एक 'आणि' लिहून एक नाव लिहायचे, इतकेच. मग देलव्हीन विचारणार, या कोण? आणि आत्ताच तर ती ओरडून म्हणाली होती, 'मी इथे उभी असते.'

"बस, एवढंच?" देलव्हीननी विचारले.

"एवढंच," योलांद म्हणाली.

*

ती घरी आली तेव्हा फिलोमेन चुलीशी होती. हातातला डाव तसाच धरून तिने विचारले, "काय म्हणाला?"

"छापणार म्हणाला."

"काय छापणार?"

"नाव." योलांद वाकून बुटांचे बंद सोडायला लागली. "माझं नाव. म्हणजे त्यानं विचारलं कसं छापायचं, मी सांगितलं. घाईत होता तो."

फिलोमेनने डाव पातेल्यात सोडला.

"छान झालं," ती म्हणाली. "उद्या टार्ट करू या. साखरेचा."

आणि तिने खरोखर केला. एवढेच नाही, तर एक तुकडा बशीत घालून, पाय ओढत, स्वतः जिनेतकडे घेऊन गेली. भिंत पातळ होती, पलीकडचे शब्द योलांदला स्पष्ट ऐकू आले. "आमच्या योलांदचं नाव येणार पुस्तकात. हो तर! मोठ्या अक्षरात." आवाजात टोमणा असता तर योलांदला बरे वाटले असते. आपल्या ताटलीतला टार्ट तिने कॉफीच्या घोटाबरोबर कसाबसा खाली उतरवला.

काही दिवसांनी कागदावर वाकलेल्या फिलोमेनला ती म्हणाली, "पुढच्या पुस्तकात तुझंही नाव घालायला सांगते मी."

"माझं कशाला?"

"कशाला म्हणजे? तू पण..."

"मी मदत करते," फिलोमेन म्हणाली. "मदतीचं नाव छापतात का कुठं?"

तिने हे अगदी साधेपणाने म्हटले. ब्रश थांबलाही नाही. शब्द योलांदचाच होता. इतक्या वर्षांत शेजारपाजारी तिनेच तो वाटला होता.

*

शनिवारी योलांद पाव घेऊन परतली, तर दारात एक निळी मोटार उभी होती आणि गल्लीतली पोरे काचांना नाके लावून आत बघत होती. घरात पाइपचा वास येत होता. तिने बोळातूनच ऐकले.

"...भाग्यवान आहात तुम्ही, बाई. त्यांना काम करताना रोज बघायला मिळतं. मला मात्र नुसता निकाल मिळतो." देलव्हीन यांचा आवाज.

"हो," फिलोमेन म्हणत होती. "बघायला मिळतं खरं."

योलांद स्वयंपाकघराच्या दारात आली. देलव्हीन आर्मांच्या खुर्चीत बसले होते. टेबलावर नव्या पुस्तकाची प्रत होती, शाईचा वास अजून न गेलेली. फिलोमेन मोरीशी उभी होती, दोन्ही हात पाण्यात. टेबलावरचा अर्धवट रंगवलेला कागद तिने कधीच उचलून ठेवला असावा, पण रंगांच्या वाट्या तशाच होत्या, आणि निळ्यात बुडवलेला ब्रश वाटीच्या काठावर आडवा.

"मादाम योलांद! नाव बघा आधी," देलव्हीन उठून उभे राहिले. त्यांनी पहिले पान उघडले. तिचे नाव तिथे होते, त्यांच्या नावाखाली, बारीक पण ठळक. "मला स्वतः आणून द्यायचं होतं. आणि खरं सांगतो, थोडा स्वार्थही आहे." त्यांनी बगलेतला पुठ्ठा उघडला. "पुढच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. छापखान्यातून फोन आला, आजच पाहिजे म्हणतात. मी तसाच पुढं तूर्नेला चाललोय. बाकी सगळं मी कसंबसं भरलंय, पण आभाळ... मी आभाळाला हात लावला की चिखल होतो, तुम्हाला माहीतच आहे. एवढं करून द्याल? मी बसतो इथंच. बघतोही जरा."

मुखपृष्ठावर कालव्याचा उंच दरवाजा होता, खाली छोटासा पडाव, आणि उरलेले सगळे आभाळ. संध्याकाळचे, पाऊस थांबल्यानंतरचे.

योलांदने पाव टेबलावर ठेवला. कोटाची बटणे सोडली. मग ती म्हणाली, "आभाळ फिलोमेन करते, मस्यू."

मोरीतल्या पाण्याचा आवाज थांबला.

"म्हणजे?"

"आभाळं सगळी तिची. पाणीपण. मी नाही करत. पहिल्यापासून, माझे यजमान आजारी होते तेव्हापासून, तीच करते."

देलव्हीननी तिच्याकडे पाहिले, मग वळून फिलोमेनकडे. चेहऱ्यावर एक अर्धवट हसू होते, थट्टा असली तर ती कळली पाहिजे म्हणून तयार ठेवलेले.

"असं आहे का, बाई?"

फिलोमेनने हात पाण्यातून काढले. ॲप्रनला सावकाश पुसले, एकेक बोट.

"माझ्या वहिनीला थट्टेची सवय आहे," ती म्हणाली. "मी ब्रश धुते, मस्यू. पुस्तक तर तुम्हीच आणलंय. नाव कुणाचं आहे ते बघा ना."

"फिलोमेन!"

"थांबलेत ते. बैस तू." फिलोमेनने खुर्ची मागे ओढून दिली. कपड्यांची टोपली काखेत घेतली. "मी दोरीवरचं काढून आणते. पाऊस येईल."

ती मागच्या दाराने अंगणात गेली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. वाळलेली चादर दोरीवरून उतरवून ती एकटीच घडी घालत होती, हनुवटीखाली एक टोक धरून.

योलांद बसली. तिने करडा कालवला, त्यात गुलाबी टाकला, पाणी जास्त झाले म्हणून पुन्हा करडा टाकला. रुंद ब्रश हातात घेतला. शेकडो वेळा तिने हे बघितले होते; अगदी याच टेबलाशी, हातभर अंतरावरून. डावीकडून एकच हात, मध्ये थांबायचे नाही, ओल्यात परत फिरायचे नाही. ती मध्ये थांबली नाही. पण दरवाजाच्या कडेशी रंग कमी पडला, आणि तिचा हात ओल्यात परत फिरला. तिथे एक रेघ उठली. रेघ पुसायला गेली तर तिच्याशेजारी दुसरी.

देलव्हीन खुर्ची जवळ ओढून बघत होते. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"वा," ते म्हणाले.

योलांदने वर पाहिले नाही.

"वेगळं झालंय. जरा धीट. पण छान. फारच छान." आणि ते मनापासून बोलत होते. "खरं सांगू? नाव छापलं ते योग्य केलं मी. माणसाला नाव मिळालं की हात कसा मोकळा होतो बघा."

कागद वाळेपर्यंत त्यांनी कॉफी घेतली, फ्लोरिमोंची पुढची गोष्ट सांगितली, बकरीला आता पिल्लू होणार असेही सांगितले. ते जाईपर्यंत फिलोमेन आत आली नाही. मोटारीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेल्यावर आली. टोपली खाली ठेवून तिने विचारले, "गेला?"

"गेला. तू तसं का म्हणालीस?"

"कसं?"

"मी खरं सांगत होते त्याला."

"हं," फिलोमेन म्हणाली. तिने टेबलावरचे पुस्तक उचलले, पहिले पान उघडले, त्यावर पडलेला पावाचा कण फुंकरीने उडवला. मग ते पुस्तक फळीवर आर्मांच्या तसबिरीशेजारी उभे करून ठेवले, नाव दिसेल असे उघडून. "सूप गरम करू ना?"

*

फिलोमेन रुसली असती, काम टाकून बसली असती, तर योलांदने तिची समजूत काढली असती. पण नवे कागद आले, तशी ती टेबलाशी येऊन बसली. आभाळे पहिल्यापेक्षाही सुरेख उतरत होती. फरक एवढाच, की आता प्रत्येक चौकट झाली की ती कागद योलांदच्या बाजूला वळवायची.

"असं चालेल ना?"

"मला काय विचारतेस? चांगलंच आहे."

"नाही, विचारलेलं बरं. तुझं नाव जाणार त्याच्यावर."

पाण्यात हिरवा जास्त झाला का, धूर थोडा कमी करू का, ढग असाच ठेवू का. घरमालकीण दारच्या भाडेकरणीसारखी विचारत होती. योलांद प्रत्येक वेळी "हो, हो" म्हणायची. बकरीचे पिल्लू रंगवताना तिचा रंग चौकटीबाहेर गेला.

मुखपृष्ठही पुस्तकाच्या आधीच, जाहिरातीसाठी, छापून आले होते. स्टेशनजवळच्या दुकानाच्या काचेत ते दर्शनी भागी लावलेले होते. तांबूस आभाळात ती रेघ, आणि तिच्याशेजारची दुसरी, रस्त्याच्या पलीकडून दिसत होती. कागदांचा पुठ्ठा पोटाशी धरून योलांद ब्रसेल्सच्या गाडीत चढली आणि या वेळी काहीही पाठ न करता गेली.

"मस्यू, माझं नाव काढा," खोलीत शिरताच ती म्हणाली. "नाहीतर त्याच्याआधी फिलोमेनचं घाला. मी त्या दिवशी थट्टा केली नव्हती. हे आभाळ बघा." तिने वरचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. "आणि ते मुखपृष्ठाचं बघा. डोळे आहेत ना तुम्हाला? हे एका हाताचं आहे का?"

देलव्हीननी दोन्ही पाहिली. खरोखर नीट पाहिली.

"मुखपृष्ठाच्या वेळी तुम्हाला घाई होती," ते हळू म्हणाले. "माझीच चूक. मी समोर बसून राहिलो."

"मस्यू, मी आभाळ करत नाही!"

"मादाम योलांद. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय तुम्हाला करताना." त्यांनी तिच्या हातातला कागद काढून टेबलावर ठेवला आणि मग, फार जपून, तिचा हात हातात घेतला. "आणि त्या बाईंनी स्वतः सांगितलं मला. तुम्ही कशासाठी करताय ते न कळण्याइतका मी दगड नाही. पायानं अधू, एकटी बाई. तिलाही काही मिळावं असं तुम्हाला वाटतं."

"तसं नाहीये ते."

"मी बघा. मला दुसऱ्याचं श्रेय वर्षानुवर्षं खाताना काही वाटलं नाही. आणि तुम्हाला एवढ्या वर्षांनी नाव मिळालं तर महिन्यात तुम्ही ते वाटून टाकायला निघालात." त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी जिन्याकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "मार्त! जरा वर ये. मादाम योलांद काय म्हणतात ते ऐक."

मादाम देलव्हीन वर आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, नवऱ्याच्या तोंडून. योलांद मधे दोनदा बोलली, पण तिचे बोलणे त्या कौतुकात साखरेसारखे विरघळून गेले. मादाम देलव्हीननी तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले आणि खाली जाऊन चॉकलेटांचा डबा आणला. सोनेरी फीत बांधलेला.

"त्या बिचाऱ्या बाईंना द्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडून."

*

फिलोमेन टेबलाशी होती. पाय स्टुलावर, बाह्या कोपरापर्यंत वर.

"आज लवकर आलीस. काय, बोलणी झाली?"

योलांद दारातच उभी राहिली. अंगात कोट तसाच.

"मी त्याला सांगितलं," ती म्हणाली. "तू करतेस म्हणून. माझं नाव काढ म्हणाले."

फिलोमेनने ब्रश खाली ठेवला.

"मग?"

"तो म्हणाला, मी फार मोठ्या मनाची आहे." "बायकोला बोलावलं. ती माझा मुका घेऊन गेली. विनम्र म्हणाली मला. कुठल्याशा सभेत सांगणार आहेत म्हणे ते, माझं उदाहरण देऊन." तिने डबा पुढे केला. "आणि हे तुला. बिचाऱ्या बाईंना."

फिलोमेनने डब्याकडे पाहिले, सोनेरी फितीकडे पाहिले, योलांदच्या तोंडाकडे पाहिले. तिचा खालचा ओठ हलला. आधी योलांदला वाटले, ही रडणार. पण फिलोमेन हसायला लागली. आवाज न करता सुरू झाले, मग आवाजासकट. टेबलाची कड धरून ती हसत होती, स्टुलावरचा वाळका पाय गदगदत होता. "बिचाऱ्या," ती म्हणायची, आणि पुन्हा. पलीकडून जिनेतने भिंतीवर थाप मारून विचारले, काय झाले म्हणून.

"काही नाही," फिलोमेन ओरडून म्हणाली. "आमची योलांद विनम्र झाली!"

डोळे पुसताना तिच्या गालावर निळा फराटा उमटला.

"आण तो डबा इकडं," ती म्हणाली. "बघू तरी काय दिलंय बिचारीला."

योलांदने फीत सोडली, झाकण काढले आणि डबा तिच्यापुढे धरला. तिच्याही ओठांचे कोपरे ओढले जात होते, ते तिला कळत होते. फिलोमेन एकेका चॉकलेटाला बोट लावून निवडत होती, मधूनच पुन्हा हसत होती. योलांद डबा धरून उभी राहिली. आपल्याला हसता येईल की नाही, ते तिला ठरवता येईना.